रेव्यांचं शेवटचं प्रकरण

अक्का, आपल्या वहीतलं शेवटचं प्रकरण अजून कोरंच आहे. वर तुझ्या अक्षरात मथळा, ‘मृत्यू आणि त्यानंतर’, त्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा, आणि मग नुसती पानं. तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. रोज शाळेतनं आले की वही उघडून बसते आणि चहा गार झाला की मिटते. भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेलीस तू. असं कुणी करत नाही.

शोकसभेत सगळे बोलले. तुझी शिस्त, तुझा आवाज, मोड आलेला मक्याचा दाणा हातावर घेऊन वर्गभर फिरणारी तू. मलाही दोनदा बोलावलं, मी मान हलवली. मला रेव्यांबद्दल बोलायचं होतं, आणि तिथं बसलेल्यांना रेवे कोण हेच ठाऊक नव्हतं. एक तुझे यजमान, आपले भाऊजी, तेवढे सोडून. तू विज्ञानाची बाई, मी चित्रकलेची, दोघी मंगळवार पेठेतल्या एकाच शाळेत, एवढंच लोकांना माहीत. या दोन बाया नऊ वर्षं एका जाड वहीत एक अख्खी जीवजात रचत बसल्या होत्या, हे सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

तुला आठवत असेलच, पुराच्या वर्षी सुरू झालं ते. शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती आणि आपल्या दोघींची ड्यूटी. कुरुंदवाडला माझ्या आईचं घर आढ्यापर्यंत पाण्यात होतं, आई वरच्या वर्गात चटईवर बसून होती, आणि मी खाली सतरंज्या मोजत होते. चार दिवस खिडकीतनं पाण्याशिवाय काही दिसलं नव्हतं. तू शेजारी येऊन बसलीस. तुझी पहिली नोकरी गगनबावड्याला. चार महिने कपडे वाळायचे नाहीत, हजेरीपत्रकाला बुरशी यायची, ते सगळं सांगून झालं आणि मग म्हणालीस, “सुजे, पाणीच नसलेली एखादी जागा काढून दाव बघू. तितं कोण ऱ्हाईल?”

मी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर काढलं. वाळू, टेकाडं, आणि मधे एक प्राणी, कपाळावर घामाचे थेंब वगैरे. तू बघितलंस आणि म्हणालीस, “ह्येला घाम येतोय? मग मेलं की हे उद्याच.” मला राग आला. पुराच्या चौथ्या दिवशी, घर बुडालेलं असताना, मला एका कागदावरच्या प्राण्याच्या घामावरनं राग आला, आणि त्या रागानंच मी त्या दिवशी उभी राहिले. त्याबद्दल तुझे आभार मानायचे कधीच जमलं नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती.

वाळूत राहतात म्हणून नाव रेवे. अंग तू दिलंस, रीतीभाती मी. गुडघ्याएवढी उंची, पालथ्या परातीसारखी पाठ, सहा पाय. घाम नाही, थुंकी नाही, डोळ्यांत पाणी नाही. पोटाखाली कातडीची एक पिशवी, आणि आयुष्याचं पाणी त्यातच. ती पिशवी भरायची ती धुक्याच्या वर्षी, आणि धुकं यायचं कधीतरी, मोजता येणार नाही इतक्या दिवसांनी. त्यांची मूत्रपिंडं रचताना तर तू महिनाभर माझं डोकं खाल्लंस. शेवटी ठरलं की रेव्याच्या अंगातनं बाहेर पडतं ते फक्त चिमूटभर कोरडं मीठ. ते जमलं त्या दिवशी तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजलास आणि कशाबद्दल ते सांगितलं नाहीस.

तोंड उघडलं की वाफ जाते, म्हणून रेवे तोंडानं बोलत नाहीत. पाय आपटून बोलतात आणि तळव्यांनी ऐकतात. हे तुझं. मग मी म्हटलं, धुकं येतं त्या एका दिवशी तरी त्यांना तोंड उघडू दे. सगळे एकदम ओरडतील, आणि आपला आवाज कसा आहे ते ज्याला त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळेल. मी घाबरतच सांगितलं, कारण तुझा एकच प्रश्न असायचा. सण म्हणा, लग्न म्हणा, देव म्हणा, मी काहीही आणलं की तू चष्म्याच्या वरनं बघायचीस आणि विचारायचीस, “पाणी कुठनं आलं?” उत्तर नसेल तर वहीत नाही. त्या दिवशी मात्र तू बराच वेळ खिडकीकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, “धुकं हाय म्हणतीस तर परवडतंय. लिही.” वहीतलं मला सगळ्यांत आवडणारं पान तेच आहे.

भांडणं किती झाली. रेवे खातात काय यावर दोन आठवडे गेले. मी किडे म्हटलं, तू दगडाखालची बुरशी म्हटलंस. “तुझ्या ताटातलं माझ्या रेव्यांच्या ताटात नगं,” असं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणालीस, आणि कोल्हापुरात राहून रश्शाला नाव ठेवणाऱ्या बाईशी काय बोलायचं म्हणून मी बुरशी मान्य केली. मग अंड्यांचं निघालं. अंडी खोल वाळूत, धुक्याच्या वर्षी सगळी एकदम फुटतात, तोवर घालणारे मेलेले असतात, हे तूच ठरवलेलं. मी म्हटलं, “मग कुणाचे आईबाप कोण हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे जात नाही.” मी हे का म्हणतेय ते तुला कळलं होतं. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला तो कशासाठी, हे मी तुला कधी समजावून सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. तू पेन खाली ठेवलंस. म्हणालीस, “बरोबर हाय. पण ती काढतील गं कायतरी. ह्यो ह्या टेकाडाखाली जन्मला, त्यो त्या टेकाडाखाली.” मी म्हटलं, “ते त्यांचं त्यांना काढू दे. आपण आपल्या हातानं नको द्यायला.” तू मान डोलावलीस आणि तसंच लिहिलंस, शब्दही न बदलता. माणसं समतेवर भाषणं देतात, अक्का. तू एका वाक्यावर वाद घातलास, दुसरं ऐकून घेतलंस आणि लिहून ठेवलंस, आणि मला ते जन्मभर पुरेल.

मग तीन वर्षांपूर्वी तुझी स्वतःची मूत्रपिंडं गेली. नोकरी सोडलीस, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, आणि पाणी दिवसाला मोजून. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. भाऊजी सकाळी एका स्टीलच्या तांब्यात दिवसाचं पाणी काढून ठेवायचे. मग मी दर शनिवारी वही घेऊन तुझ्या घरी यायला लागले. पहिल्या शनिवारी आले तेव्हा तू जिभेखाली बर्फाचा खडा धरून बसली होतीस. तो विरघळल्यावर म्हणालीस, “रेव्यांना कसली झकास मूत्रपिंडं दिली गं आपण. सोताला एक जोडी ठिवायला पायजे हुती.” आपण हसलो. भाऊजी आतनं ओरडले, “निगाली का तुमची ती वाळकी मंडळी?” आणि आपण आणखीनच हसलो.

त्यानंतरची पानं वेगळी आहेत. आधी तू तहानेबद्दल पुस्तकात वाचलेलं लिहायचीस. नंतरच्या पानांवर तहान कशी चढते ते आहे. आधी ओठ, मग जीभ टाळूला लागते, मग डोक्यात दुसरा विचारच शिरत नाही, नळाचा आवाज आला की माणूस बोलता बोलता थांबतं. हे सगळं तू रेव्यांच्या नावावर लिहिलंस. मी चित्रं काढत होते आणि मला कळत होतं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला ऐकावं लागलं असतं.

आणि मग हे शेवटचं प्रकरण. मरणाऱ्या रेव्याचं काय करायचं. तुझं ठरलेलं होतं, “मरणारा रेवा म्हंजे फाटकी पिशवी. त्यात वतून काय उपेग? बाकीची लांब सरकतात. बास.” मी म्हटलं, इतकी वर्षं शेजारी राहिले, पाय आपटून गप्पा मारल्या, आणि शेवटी लांब सरकतात? घोटभर पाणी तरी देतील. तू म्हणालीस, “घोटभर म्हंजे देणाऱ्याचं किती दिवस गेलं, सांग.” मी म्हटलं, जाऊ देत. सगळंच परवडणारं करायचं असेल तर ते जनावर झालं, त्यांची रीतभात कसली? एक तरी गोष्ट न परवडणारी हवी. तुझा आवाज चढला. “तू चित्रं काड. त्यास्नी जगवायचं माज्याकडं ऱ्हाऊ दे.” मी पेन्सिली गोळा केल्या आणि उठले. पुढचे दोन शनिवार मी आले नाही. तुझ्याकडं फार शनिवार उरलेले नाहीत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं आणि तरी आले नाही, कारण आपण रेव्यांबद्दल बोलत नव्हतो हे दोघींनाही कळत होतं, आणि तू तुझ्याच विरुद्ध भांडत होतीस. त्याचा राग आला होता मला.

तिसऱ्या शनिवारी आले. तुझे पाय सुजले होते, दम लागत होता, उशा लावून बसवलं होतं तुला. भाऊजी औषधं आणायला बाहेर पडले. दुपारचे चार वाजले असतील. तांब्या तर सकाळीच संपला होता. शेजारच्या स्टुलावर माठातलं पाणी भरलेला जग होता, घरच्यांसाठी. तू म्हणालीस, “सुजे, पाणी दे गं. घोटभर.”

आणि मी काय म्हटलं? आजाऱ्याशी बोलताना माणसं जो हसरा आवाज काढतात तो काढून मी म्हटलं, “पाणी कुठनं आलं, अक्का?”

तू हसलीस, असं मी नऊ दिवस स्वतःला सांगतेय. हसली नव्हतीस. माझ्याकडं बघितलंस आणि भिंतीकडं तोंड फिरवलंस. मी फडकं ओलं करून तुझ्या ओठांवरनं फिरवलं, आणि आपण नियम पाळला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. वहीत मी घोटासाठी तुझ्याशी भांडले होते. खोलीत घोट मागितलास तेव्हा मी तुझ्या बाजूनं झाले. पहाटे दवाखान्यात नेताना वाटेतच तू गेलीस. एका घोटानं काही बिघडलं नसतं हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. ते मला दुपारी चारलाही ठाऊक होतं.

तुला बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांत तशीच रीत. मी लांबनं मागं मागं आले. खड्ड्यातही बसवलं, विभूती, बेलाची पानं, हातात लिंग. आमच्यात माणूस आडवा असतो, झोपल्यासारखा, डोळ्यांना ते सोसतं. तू बसली होतीस, मान जराशी पुढं, वह्या तपासताना असायची तशी. ओठ कोरडे होते. बाकी सगळे काय बघत होते मला माहीत नाही. मी तेवढंच बघत होते.

तिथनं परतताना भाऊजी माझ्या शेजारी आले. चपला हातात होत्या त्यांच्या, घालायच्या विसरले होते. म्हणाले, “बाई, दुपारी मी न्हवतो तवा तिनं पाणी मागितलं हुतं काय?”

मी म्हटलं, “व्हय. दिलं की. घोटभर.”

त्यांनी तिथंच रस्त्यात हात जोडले. “लई केलंसा बाई. त्येवडंच मनाला खात हुतं.” आणि मी त्यांना ते हात जोडू दिले. अक्का, तुझ्याशी मी नऊ वर्षांत खोटं बोलले नव्हते, आणि तुला पुरून अर्धा तास झाला नव्हता.

इथवर लिहून काल मी थांबले होते. मग ती वही ओढली आणि एका दमात प्रकरण लिहून टाकलं. भांडायला तू नव्हतीस, तेव्हा माझीच बाजू लिहिली. रेवे मरणाऱ्याला घोटभर पाणी देतात. ते देणाऱ्याच्या पिशवीतनं जातं आणि त्याचे दिवस तेवढे कमी होतात. जो देत नाही तो तेवढे दिवस जास्त जगतो. त्या जास्तीच्या दिवसांत तो काय करतो ते अजून कळलेलं नाही. एवढं लिहिलं, आणि हे माझ्याच घरात ठेवून चालणार नाही हे मला कळलं.

म्हणून आज शाळा सुटल्यावर तुझ्याकडं गेले. भाऊजी पुढच्या खोलीत एकटेच बसले होते. टीव्ही लावला नव्हता. “या बाई,” म्हणाले, आणि वही बघून, “आणलासा व्हय वाळकी मंडळी?” मी म्हटलं, शेवटचं प्रकरण झालंय, वाचून दाखवते. त्यांनी मान डोलावली. मी वाचलं. छोटंसंच आहे, पाच मिनिटं लागली नाहीत.

त्यांनी विचारलं, “ह्यो न देणारा कोण?”

“मी,” म्हटलं. “त्या दिवशी खोटं बोलले, भाऊजी. अक्कानं मागितलं होतं. मी नाही दिलं.”

मला वाटलं आता ते उठून आत जातील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते बसूनच राहिले. पंखा फिरत होता आणि वहीची पानं उडत होती, ती मी हातानं दाबून धरली.

“सकाळी माज्याकडं मागितलं हुतं,” ते म्हणाले. “तांब्या संपल्यावर. मी म्हटलं, सोमवारी डायलिसिस हाय, तवर कळ काड. मी बी न्हाय दिलं, बाई.” मग वहीकडं बघत, “तुमी दिलं म्हणालासा, तवा वाटलं, चला, एकानं तरी दिलं.”

तेवढा एक आधार होता त्यांच्याकडं, आणि मी आज तोही काढून घेतला. खरं बोलल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. मला काही मोकळं वाटलं नाही. मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. जरा वेळानं ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “शेजारचं कोण आलं असतं तर झटक्यात दिलं असतं बघा. एकादं पावणं बी चाललं असतं. आपल्या हातानं हुईना.”

घरी आल्या आल्या कालचं सगळं खोडलं. आता तिथं जे आहे ते तुला वाचून दाखवते, अक्का. वाद घालायचा तर घाल. मरणाऱ्या रेव्याला घोटभर पाणी मिळतं. ते घरचे, म्हणजे त्याच टेकाडावर जन्मभर बरोबर राहिलेले, देत नाहीत. दुसऱ्या टेकाडावरनं कुणातरी परक्याला बोलावून आणतात. तो देतो आणि निघून जातो, घरचे तोंड फिरवून बसतात. त्यांच्या पिशव्या भरलेल्या असतात आणि त्यांना मरणाऱ्याचा जीव प्यारा असतो, तरी त्यांच्यानं ते होत नाही, कारण त्यांना शेवटपर्यंत वाटत असतं की हा अजून जगेल.